तिसरं प्रूफ

बेळगावात, खडेबाजार शहापूरला, हळदणकरांचा छापखाना.
लग्नपत्रिका, पिग्मीची पुस्तकं,
आणि आज कुठल्याशा संस्थेचं चार पानी पत्रक,
डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी.
मराठीचं प्रूफ माझ्याकडं.

पहिल्याच परिच्छेदात 'लिंग' सात वेळा.
जन्मल्यावर नर्सनं अंग बघून लिहिलं, तेही लिंग.
आतून आपण स्वतःला जे कोण वाटतो, तेही लिंग.
जीव कुणावर जडतो, त्यालाही तोच शब्द,
जसा आमटीभात आणि कुंदा
एकाच वाटीत कालवलेला.
लाल पेननं मी सोडवून ठेवलं:
लिंग. लिंगभाव. लैंगिक कल.
एकावरनं दुसरं ओळखता येत नाही,
समासात बारीक अक्षरात लिहिलं.

"एवढं कोण वाचतंय की," मालक म्हणाले.
(मला ते 'अहो' म्हणतात. सोय.)

कोण वाचतंय?
खानापूरच्या एखाद्या माळ्यावर
चौदा वर्षांचं पोर, टॉर्च लावून.

मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद दारातच अडवतं:
आलो की आले?
मधलं 'आलं' आहे,
पण ते मांजराला, तान्ह्याला, आभाळाला.

कन्नड पान बघणारे बसवंतप्पा हसले,
"आमच्यात नानु बंदे. झालं.
बाई आली का बाप्या, बंदे विचारत नाही."
तेव्हापासून कंडक्टरशी, डॉक्टरशी
माझं मोडकंतोडकं कन्नड.
पाठ वळली की मात्र तिथंही
अवनु का अवळु, कुजबुज तीच.

वडगावची सगुणाक्का आठवते.
मागावर अर्धं आयुष्य, चार बाळंतपणं,
कपाळावर रुपयाएवढं कुंकू,
आणि उंबऱ्यावरनं हाक: "येतो गं मी. सांजला येतो."
तिच्या गल्लीत सगळ्या बायका असंच बोलायच्या.
पुण्याची नवी सून म्हणाली, 'येते' म्हणा, आत्या.
आक्कानं पदर खोचला.
"चाललंय कोण ते माझं मला ठावं आहे की."

पत्रकात ही व्याख्या नाही.
घालावीशी वाटली. जागा नव्हती.

तिसरं प्रूफ. सही. तारीख.
शेवटच्या पानावर एक काना राहिलाय, तो दिला.
चप्पल शोधताना तोंडातनं सहज गेलं,
"येतो."
मालकांनी मान वर केली नाही.