निरंक

बेसा रोडच्या पुढे, जिथे लेआउटचे दगड
अजून गवतात बसून आहेत,
तिथे मुलानं घर घेतलं.
"बाबा, इथे चोरीसुद्धा होत नाही."
चोरीसुद्धा! जणू नळाच्या पाण्यासारखी
तीही एखादी सोय असावी.

मी एकतीस वर्षं पाचपावलीत
ठाण्याची डायरी लिहिली.
वेळ दोन वाजून दहा. अर्जदार रडत हजर.
वेळ तीन. सख्खे भाऊ, एक भिंत, एक वरवंटा.
कधी एखादी बाई यायची, बाकावर बसायची,
पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची,
आणि उजाडल्यावर उठून जायची.
तिचीही नोंद मी केलेली आहे:
सांगण्यासारखे काही नाही म्हणते.

हात थांबत नाही.
कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतून झालं
की इथेही मी वही उघडतो.

अकरा वीस. प्लॉट चौदा, टीव्ही बंद.
बारा. चौकीदार इंद्रपाल उईकेची शिट्टी.
एक. कुत्रं भुंकलं. मग त्याचं त्यालाच कंटाळवाणं झालं.
चार चाळीस. बोंदाडे सरांनी आमच्या कुंपणातून
जास्वंद तोडली, पाच नग.
इसम ओळखीचा. कारवाई नाही.
शेरा: निरंक.

"काहून जी," पंचफुला म्हणते,
"इथं माणसं राह्यतात का नुसत्या गाड्या?"
तिकडे ताट पडलं तर चार घरं विचारायची,
कोणाचं गं?
इथे भाजीवालासुद्धा रेकॉर्ड केलेला आहे,
बटण दाबून ओरडतो.
पण झोप लागते तिला, हेही लिहायला हवं.
तिकडे माझी सायकल वाजेपर्यंत
ती भिंतीला टेकून बसलेली असायची,
ताटावर ताट झाकून.
इथे घोरते.
त्या घोरण्यासाठी मुलानं चौरस फुटाला
जो काय भाव मोजला,
तो मला कधी जास्त वाटला नाही.

आमच्या खात्यात निरंक हा शब्द फार लाडका.
वर पाठवला की साहेब खूश.
मला मात्र तेव्हाही कळायचं नाही,
काही घडलं नाही म्हणून निरंक,
की सांगायला कोणी आलं नाही म्हणून?

परवाची नोंद.
एक वाजून पाच. प्लॉट पंधरामध्ये भांडं पडलं.
एकच.
मग कोणी काही बोललं नाही.
मग एसीचा आवाज, जो सगळ्याच घरांतून सारखा येतो.

मी पेन धरून बसलो.
घोरणं थांबलं होतं.
"ऐकलं," अंधारातून पंचफुला म्हणाली.

सकाळी ती वाटी घेऊन गेली, विरजण मागायला.
घरात दही होतं. भरपूर होतं.
परतली ती सुनेला सोबत घेऊनच,
जिचं गेट सात महिने
आवाज न होता लागत आलंय.
मृणालिनी नाव. चंद्रपूरकडची.
"काही नाही काकू," ती म्हणाली,
"इथं दिवस जात नाही, बस्स."
आणि आमच्या पायरीवर बसली.
ओढणीचं टोक
बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं.

मी आत होतो. खुर्ची ओढली नाही,
काही विचारलं नाही.
एकतीस वर्षांत तेवढं एक शिकलो:
बसलेल्या माणसाला आधी बसू द्यावं.
पंचफुलानं कैरीचं पन्हं दिलं.
बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन,
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
कोणाला दाखवायला नेलं असतं तर म्हणाला असता,
वा, काय शांत एरिया.

तिनं दुसरा ग्लास मागितला.
साडेबाराला गेली. उद्या येते म्हणाली.

डायरीत पुढची तारीख आधी टाकायची नसते,
त्यासाठी मी दोन शिपायांना मेमो दिलेले आहेत.
रात्री मी पान उलटलं
आणि टाकली.