ऊर

पाखल्यांच्या राज्यातून आज्जी आली
चोर्ल्याच्या वाटेनं, रात्री नव्हे, भर दुपारी,
कडेवर सात महिन्यांची माझी आई
आणि डोक्यावर पत्र्याचा डबा.
नाक्यावरच्या शिपायानं डबा उघडायला लावला.
आत सोलां. काळी, मिठानं चिकटलेली.
"वखद," ती म्हणाली.
त्यानं एक चाखून बघितलं,
एक डोळा आपोआप मिटला त्याचा,
आणि सोडून दिलं तिला या बाजूला.

एवढीच गोष्ट ती पुरी सांगायची.
आजोबांची नाही.
ते मागून येणार होते.

खानापुरात पहिल्याच सकाळी विहिरीवर
बाळव्वानं विचारलं, "याव ऊर, यव्वा?"
गाव कुठलं, असं विचारत होती ती.
आज्जीला अख्ख्या प्रश्नातला एकच शब्द कळला,
घरचा, तिच्या बोलीतला :
ऊर. उरून राहा.
तिनं घागर खाली ठेवली.

कौलांच्या कारखान्यात ती माती तुडवायची.
भट्टीत एखादं कौल वाकायचं, एखादं करपायचं,
ओल्यावरून रात्री कुत्रं चालून जायचं,
मुकादम ती बाजूला फेकायचा.
शनिवारी त्यातली तीन तिच्या डोक्यावर,
एक आईच्या.
असं आमचं छप्पर झालं.
कुत्र्याच्या पावलाचं कौल तिनं मुद्दाम उलटं बसवलं,
पोरांना अंथरुणातून दिसावं म्हणून.
तिथं गळायचं.
ती खाली पातेलं ठेवायची, कौल बदलायची नाही.

कोंबड्यांशी ती कोकणीत बोलायची,
दुकानदाराशी कन्नडात,
आणि आम्हाला, "काय करूलालास रे तिथं?"
शिव्या कुठल्या भाषेतल्या होत्या
ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

बसच्या पाटीला एकदा ह्यांनी डांबर फासलं,
एकदा त्यांनी.
तिला कुठलीच पाटी वाचता येत नव्हती.
ती ड्रायव्हरचं तोंड बघून चढायची
आणि बरोबर उतरायची.

काल तिचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला गेलो.
कार्ड त्याच डब्यात होतं,
कोपरे अजून आंबूस.
कन्नडातलं आपलं नाव ती ओळखायची,
"दोन गाठी नि एक शेपटी," म्हणायची,
अंगठा मात्र दुसरीकडेच उठवायची.
कारकुनानं शेपटीवर पेन टेकवलं.

आई आता सत्तरीत आहे, वयाच्या.
घाटाखालच्या सत्तरीत ती परत कधी गेली नाही,
विचारलं तर म्हणते, मला तिथलं काय आठवणार,
मी कडेवर होते.

कारकुनानं मान वर न करता विचारलं,
"याव ऊर ऐती अवरदु?"
मी उत्तर शोधत होतो, दोन्ही बाजूंचं.
आईला हल्ली कमी ऐकू येतं.
तिनं हातातली पिशवी बाकावर ठेवली
आणि बसली.