ओलाव्याचा दाखला

आमोण्याच्या धक्क्याला बार्ज लागली की मी खोरं घेऊन चढते.
इनास तांडेल हात पुढे करतो, मी तो घेत नाही,
हे आमचं अकरा वर्षांचं.

ठरल्या टनांमागे एक खोरं.
वरचं नव्हे, हातभर आतलं.
वरचं उन्हाला भेटून आलेलं असतं, खोटं बोलतं.

मग प्रयोगशाळा, म्हणजे पत्र्याची खोली,
तराजू, भट्टी,
आणि दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, चित्र बरं आहे म्हणून ठेवलेलं.

एक किलो माती ताटलीत.
माती म्हणायचं नाही, सुपरवायझर केंकरे सांगतात, माल म्हणायचं.
एकशे पाच अंश. रात्रभर.
सकाळी नऊशे सतरा ग्रॅम.
गेलेले त्र्याऐंशी मी रजिस्टरात लिहिते:
ओलावा, आठ पूर्णांक तीन.

गिऱ्हाईक ओलाव्याचे पैसे देत नाही.
लोखंडाला टक्क्यावर भाव, टक्का घसरला की दंड,
सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस, एकेकाचं वेगळं भांडण.
पाण्याशी भांडण नाही.
पाणी नुसतं वजा करायचं.

आधी जपानी यायचे. बासष्टच्या खाली बघायचेसुद्धा नाहीत.
त्यांना नको ते आम्ही डोंगरामागे टाकलं,
टाकता टाकता त्याचाच डोंगर झाला, वर ॲकेशिया लावला.
मग चीनहून निरोप आला, टाकलेलंही चालेल.
त्या साली पंचावन्न टक्क्यांनाही स्थळं आली,
पत्रिका न बघता.
आमच्या वाड्यावर सात घरांत नऊ ट्रक.
दारची अबोली कुठल्या रंगाची होती
ते धाकटीला सांगूनही पटायचं नाही.

खाण खाली खाली गेली, नदीच्याही खाली.
पंप दिवसरात्र.
आमच्या विहिरीच्या पायऱ्या एकेक करून वर आल्या,
मी चौदापर्यंत मोजल्या.
तळात सासूबाईंना लग्नातली कळशी सापडली,
तीस वर्षांपूर्वी दोर तुटून गेलेली.
किती आनंद त्यांना! चिंचेने घासून
घरोघर दाखवत फिरल्या.
पुढच्या सोमवारपासून टँकर सुरू झाला.

हिशेब मला येतो, तेवढ्याचाच पगार मिळतो.
पन्नास हजार टनांचं जहाज मुरगावबाहेर उभं असतं,
आमच्या बार्जी पणजीच्या पुलाखालून,
कॅसिनोच्या दिव्यांना खेटून, त्याच्याकडे जातात.
पन्नास हजारांचे आठ पूर्णांक तीन:
चार हजार एकशे पन्नास टन पाणी.
दहा टनांचा एक टँकर, तर चारशे पंधरा टँकर.
वाड्याला आठवड्याला दोन मिळतात.
म्हणजे एका जहाजात आमची चार वर्षं,
बिलात न लागलेली.

तिकडे बंदरावर माझ्यासारखीच कुणी असणार.
तिची भट्टीही एकशे पाचावरच, नियम जगभर एक.
तिला येतात सात पूर्णांक नऊ.
मग पत्र येतं: उरलेले चार दशांश कुठे गेले?
मी कच्च्या कागदावर लिहिते, ऊन.
केंकरे खोडतात आणि लिहितात,
प्रवासातील नैसर्गिक घट.

परवा वीज गेली म्हणून भट्टी मध्येच उघडली.
वाफेने चष्मा भरून गेला,
ताटली दिसेना, काटा दिसेना.
विहिरीचा वास आला असं म्हणणार नाही,
वास गरम खिळ्यांचा होता.
पण ओढणी हातात असून मी काचा पुसल्या नाहीत.
उभी राहिले, त्या आपोआप कोरड्या होईपर्यंत.

बाहेर इनास भोंगा वाजवत होता, भरती उतरत होती.

ते सॅम्पल बाद झालं. दुसरं घेतलं.
रजिस्टरात पहिल्याची नोंद नाही.