एक पॉइंटवाली

लॅरिसा हलिचुकची कारकीर्द
मी स्पोकांवरून सांगू शकतो.
चौदा वर्षं तिची चाकं मीच सरळ केली,
सॅस्काटूनच्या जिममागच्या खोलीत,
आणि मग टीम जाईल तिथे,
हॉटेलच्या बाथटबात ग्रीस धूत.

पहिली खुर्ची यॉर्कटनच्या चर्चच्या तळघरातून आली.
तिच्या आईने एका हिवाळ्यात
नऊ हजार पेरोगी लाटले, गोठवले, विकले.
ती खुर्ची रुंदीला दोन बोटं जास्तच होती.

या खेळात शरीराचा भाव आधीच ठरतो.
किती वाकतेस, किती सावरतेस, ते बघतात
आणि आकडा देतात : एकपासून साडेचारपर्यंत.
कोर्टवरच्या पाच जणींची बेरीज चौदाच्या वर नको.
लॅरिसा एक.
छातीखालची तिला काही खबर लागत नाही.
"मी स्वस्त पडते," म्हणायची,
"म्हणून तर डेल्फीन परवडते."

बास्केट करणं हे तिचं काम नव्हे.
तिचं काम वाटेत येणं.
खुर्ची आडवी घालायची, धडक खायची,
आणि तिच्या पाठीमागून डेल्फीनने सुटायचं
मोकळं, एकटं, थेट रिंगखाली.
टाळ्या तिकडे पडायच्या.
मी इकडे तिच्या फूटगार्डकडे बघत असायचो,
पोचा किती खोल, रंग कुणाचा :
जर्मनांचा काळा,
ऑस्ट्रेलियनांचा तो हिरवा, जो टर्पेंटाइनलाही दाद देत नाही.

पत्रकार विचारायचे, अपघात कसा झाला?
एकदा घोडा. एकदा धान्याचा ट्रक.
एकदा ओसाकात, अगदी गंभीर चेहऱ्याने : अस्वल.
छापूनही आलं ते.
मी कधी विचारलं नाही.
मी विचारायचो, उजवं चाक ओढतंय का?

एकशे एक्केचाळीस सामने. गुण सगळे मिळून त्रेपन्न.
पंचावन्न झाले असते.
हॅम्बर्गला, आठ सेकंद उरले असताना
तिला कुणी अडवलंच नाही.
एक पॉइंटवालीला कोण अडवतं?
चेंडू रिंगच्या काठावर बसला,
जरा विचारात पडला,
आणि बाहेर.
रात्री ती माझ्या खोलीत आली,
म्हणाली, डावा टायर बदल,
आणि तो बदलेपर्यंत भिंतीवरचं फायर एक्झिटचं चित्र वाचत राहिली.

आता ती गुरुवारी येते, खेळत नाही.
परवा उणे चौतीस होतं.
नवी पोरगी, सोळाची, तीही एकच पॉइंट,
रडवेली होऊन सांगत होती :
मला कुणी पासच देत नाही.
लॅरिसाने थर्मास खाली ठेवला,
दोन ढकले मारले
आणि खुर्ची दारात तिरकी लावली.
"जा आता बाहेर."

पोरगी डावीकडून आली. उजवीकडून आली.
मागे जाऊन जोरात आली.
दार उघडंच होतं,
माझी बोटं पान्यावर गारठली होती,
आणि बंद करा म्हणायचं
कुणाच्याच मनात येईना.