खुलासा

प्रति, मा. उपकार्यकारी अभियंता साहेब.
विषय : गावठाण फीडर सत्तेचाळीस मिनिटं बंद ठेवल्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस,
शिपायानं ती माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली
आणि कोपऱ्याला ठेच्याचं तेल लागलं,
त्याबद्दल आधी क्षमस्व.

महोदय,
त्या रात्री चारठाणा उपकेंद्रात मी एकटी होते.
मंजूर पदं चार. भरलेली दीड.
अर्धा तो, जो दोन उपकेंद्रांच्या मध्ये मोटारसायकलवर असतो.

दहा वीसला मुंजाजीनं परमिट घेतलं.
मुंजाजी गिराम. आपण ओळखत नसाल,
तो आपल्या यादीत नाही, ठेकेदाराच्या यादीत आहे.
ठेकेदार मार्चअखेरीला बदलला,
नव्या यादीत त्याचा 'मुंजाभाऊ' झाला
आणि बँक म्हणते हा माणूस तो नव्हे.
दोन महिने झाले, पगार नाही.
खांबावर मात्र तो एकाच नावानं चढतो.

"चढायलोय ताई, बंद हाय ना?"
मी म्हटलं, बंद आहे.
ब्रेकर पाडला, ट्रॉली ओढली, अर्थिंग केलं,
पाटी लावली : माणसे काम करीत आहेत.
पाटी कंपनीचीच आहे.
कायम की कंत्राटी, असं तिच्यावर लिहिलेलं नाही.

दहा एक्केचाळीसला आपला पहिला फोन.
हळदीचा मंडप अंधारात आहे म्हणालात.
दुसऱ्या फोनमध्ये मंडप कुणाचा तेही सांगितलंत.
तिसऱ्यात आवाज खाली आला :
"अगं, तो उतरला असेल आता."

साहेब, रजिस्टरमध्ये 'असेल'ला रकाना नाही.
वेळ आहे, फीडर आहे, अँपिअर आहे,
परमिट परत केल्याची सही आहे.

त्याचा मोबाईल गाडीच्या डिकीत वाजत राहिला.
मी यार्डात जाऊन उभी राहिले.
माळापलीकडे, तीन किलोमीटरवर,
एक बॅटरी जमिनीपासून वर होती.
विडीच्या टोकाएवढी.
हलली की मी श्वास घ्यायची.

माझी नेमणूक कोणत्या तत्त्वावर झाली
ते सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे.
अधिक लिहीत नाही.
एवढंच, की तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं,
उतरला असेल.

अकरा पाचला तो आला.
एका हातात ग्लोव्ह; जोडीतला दुसरा
कौसडीच्या पोराकडे आहे, दोघांत एकच जोडी.
दुसऱ्या हातात जळका जंपर,
लहान मुलानं साप मारून आणावा तसा.
आपल्या फोनचं त्याला काही माहीत नव्हतं.
मीही सांगितलं नाही.
त्यानं सही केली, माठातलं दोन तांबे पाणी प्यायला.
अकरा सातला फीडर घेतला. अठ्ठ्याण्णव अँपिअर.
गाव एकदम दिसलं, मागोमाग डीजेही ऐकू आला.
"लागली बगा," तो म्हणाला,
जणू त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही.

जानेवारीत सुरक्षा सप्ताहाची शपथ आपणच दिली होती,
उजवा हात पुढे करून.
मी घेतली. मला वाटलं, खरी आहे.
मुंजाजी तेव्हा सतरंज्या घालत होता,
त्यामुळे त्यानं घेतली की नाही, सांगता येत नाही.

तरी वेतनवाढ रोखायची असल्यास रोखावी.
विनंती एकच.
आदेशात कारण लिहाल तेव्हा
त्याचं नाव नीट लिहावं :
मुंजाजी, जला दुसरी वेलांटी. गिराम.
आपल्या सहीशिक्क्याच्या कागदावर ते एकदा बरोबर आलं
की बँकेत दाखवता येईल.

आपली विश्वासू,
श्रीमती आशामती खिल्लारे, यंत्रचालक.

सोबत : परमिटची छायाप्रत.
जंपर उपकेंद्रात खिडकीत ठेवला आहे.