पंचविसातलं एक

आधी मॅगझिन काढायचं.
मग स्लाइड मागे ओढून आत बघायचं,
मग करंगळी घालून पुन्हा.
डोळ्यांचं काही खरं नाही, अब्बा म्हणायचे,
करंगळीला विचार.

रिकामी आहे.
तरी तोंड भिंतीकडे.
भिंतीवर गणपती पेठेतल्या बँकेचं कॅलेंडर,
त्याच बारा महिन्यांवर मी आयुष्यभर नेम धरलाय.

समोर गिरिजाताई पट्टणशेट्टी,
मांडीवर लायसनचं पुस्तक, कलेक्टर कचेरीचा कागद
आणि मऊ झालेला पंचा, ज्यात गुंडाळून ही आली.
लामा. स्पेनची. बत्तीस बोअर.
बाहेरचा माल यायचा बंद झाला त्याच्या आधीची,
म्हणून वयाबरोबर हिची किंमत वाढली.
माझं तसं काही झालं नाही.

जुन्या चालीची आहे.
अंगठ्यानं घोडा चढवल्याशिवाय
चाप नुसता हलतो, दुधाच्या दातासारखा.
नव्या पिस्तुलांना सगळं एका बोटात हवं असतं,
हिला दोनदा विचारावं लागतं.

अर्ध्यावर थांबते का? थांबते.
खटका वर करून चाप दाबला. घोडा ढिम्म.
मग खटका खाली:
थोडी वाट, एक बारीक अडखळ,
आणि काच तडकावी तसं.
कानाशी धरून हलवली, स्लाइड किंचित वाजते.
या वयात गुडघेही वाजतात.

नंबर तीन ठिकाणी, तिन्ही जुळले.
मॅगझिन मात्र दुसरीकडचं. दहा हजार कमी.

आणि स्लाइडच्या डाव्या अंगाला
तीन फिकट आडवे पट्टे,
मधोमध तुरीएवढा खड्डा.
गंज म्हणावा, तर गंज इतका सरळ चालत नाही.

"खंडेनवमी," ताई म्हणाल्या.
"अप्पा विभूती लावायचे, मधे कुंकू.
ओल्या बोटानं. मग पुसायचं राहून जायचं."

चाळीस नवम्या.
वहीत लिहिलं: ब्लूइंग खराब, वीस हजार कमी.
लिहिताना पेन अडलं जरा.
आमच्या सहाणेच्या चाकावरही त्या दिवशी
शेजारच्या गुरवकाकू झेंडूचं फूल ठेवून जायच्या,
अब्बा संध्याकाळपर्यंत चाक फिरवायचे नाहीत.

मग काडतुसं.
पुस्तकात पंचवीस, डबीत चोवीस.
पुन्हा मोजली.
"अप्पांनी कधी वापरली नाही हो.
रुमालाखाली बोटं दाबून हळदीचा सौदा करणारा माणूस,
आवाज म्हणून नव्हता त्यांना."

नळी उजेडाकडे धरली.
आतल्या खाचा कोऱ्या, गिरकी घेत जाणाऱ्या,
पण मागच्या तोंडावर पितळेची पुसट कडी.
एकदा तरी वाजलीय, ताई.

बऱ्याच वेळानं बोलल्या.
हरिपूरच्या रस्त्याला पेवं होती त्यांची.
त्या सात वर्षांच्या. एका रिकाम्या पेवाच्या तोंडाशी
अप्पांनी त्यांना मागं उभं केलं,
त्यांचेच हात त्यांच्या कानांवर ठेवले,
आणि खाली, त्या काळोखात...
आवाज वर आलाच नाही म्हणाल्या.
जमीन तळपायातून बोलली, एकदाच.
मग सावकाश हळदीची धूळ वर आली,
बापलेकीचे चेहरे लग्नघरातल्यासारखे.
आईला सांगू नको.
तीन दिवस उजव्या कानानं ऐकू येईना,
तर घरात म्हणाले, सर्दी झालीय.

पेवं पुढं पुरात बसली.
गोळी खालीच.

पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर विचारत होतं,
नवं ब्लूइंग करून देणार का, ते पट्टे घालवून?
येतं करता. दोन दिवसांचं काम.
ताई पंच्याची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, घालत होत्या.
रेंज नाही म्हटलं, नंतर बोलू.

घोडा अंगठ्यानं धरून हळूच उतरवला,
झोपलेल्या पोराची मान उशीवर टेकवावी तसा.
तेल दिलं, पट्ट्यांवर जरा जास्तच.
वीस हजार मात्र कमीच ठेवले. धंदा आहे.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
काडतुसं चोवीस. एक हरिपुरात.