किल्ली माझ्याकडे असते

किल्ली माझ्याकडे असते. वीतभर लांब, लोखंडी,
खिशात टाकली की कोट एका अंगाला झुकतो.
सभेच्या दिवशी अर्धा तास आधी येते,
हीटर लावते, खुर्च्या मांडते
आणि हुंगून बघते, बटाट्यांचा वास गेला का.
नाही गेलेला. चाळीस वर्षं झाली.

जमीनदार म्हणाला होता, गावात एक चर्च आहे, तेवढं पुरे.
पुरेच होतं त्याला; पुढचे तीन बाक त्याच्याच घरचे.
मग चाकं बनवणाऱ्या जेबेझ पॉकलिंग्टनने
आपल्या डुकरांचं खोपटं पाडलं
आणि तेवढी, मोजून तेवढीच, जागा देवाला दिली.
अठराशे एकसष्ट.
दिवसभर दुसऱ्याच्या शेतात चर खणायचे,
रात्री कंदील टांगून आपल्या विटा पाडायच्या.
बायका ॲप्रनच्या ओच्यातून विटा वाहायच्या,
आणि वाड्यावरचे नोकर नाक धरून जायचे:
यांच्या प्रार्थनेलाही डुकरांचा वास येतो म्हणे.

एक शिलिंग, एक वीट, वर आपली आद्याक्षरं.
दाराच्या उजव्या हाताला अजून आहेत.
एका गड्याचा एन उलटा पडलाय,
तो सुलटा करावा असं कुणाला वाटलं नाही.
आणि खालून चौथ्या थरात नुसता अंगठा.
केझाया थर्केल, गोठ्यावरची मोलकरीण.
लिहिता येत नव्हतं. शिलिंग पुरा मोजला होता.

बाहत्तर साली मजुरांनी इथेच दार लावून सभा घेतली.
आठवड्याला दोन शिलिंग वाढ हवी, असा ठराव,
मग एक स्तोत्र, मग पुन्हा तोच ठराव,
कारण मागच्या बाकावरच्यांना पहिल्यांदा ऐकू गेला नव्हता.

सत्तेचाळीसच्या पुरात प्रवचनाच्या मंचाला नाव बांधली होती.
माझी आई त्या नावेत होती, कोंबड्यांसकट.
पाण्याची रेघ आतल्या भिंतीवर दिसते
रंग दिला की दोन हिवाळे लपते,
मग येतेच.

शेवटच्या उपासनेला आम्ही पाच जण.
त्यातले मिस्टर मॉल्टबी ठार बहिरे;
प्रवचन संपल्यावरही ते मान हलवत राहिले,
आणि त्यांना सांगायला कुणी उठेना.

मग बटाटे. नऊ वर्षं, छतापर्यंत.
मग जत्रेत आम्ही एक डुक्कर बक्षिसाला लावलं,
चेंडू टाका, खुंट पाडा, डुक्कर घरी न्या,
आणि आलेल्या पैशांवर कर्ज काढून ही जागा गावासाठी घेतली.
जेबेझ हसला असता.
मंच कापून चहाचा ओटा केला. त्याच्यावर कप उपडे वाळतात.

आजचे विषय: कुत्र्यांची घाण, चराची साफसफाई,
आणि उजव्या भिंतीची ओल. गिलावा करायचा की नाही.
गिलावा केला तर विटा झाकल्या जातील.
नाही केला तर भिंत जाईल, असं गवंडी म्हणतो.
हा विषय अकरा वर्षं पुढच्या सभेवर जातोय.
इतिवृत्त मीच लिहिते. आता ते वाक्य न बघता लिहिता येतं.

शेवटी, बरंच अडखळून, मागून दायवा उभी राहिली.
लिथुआनियाची आहे, गाजरं भरायच्या शेडमध्ये.
पहाटे पाचला बस नाही, म्हणाली,
अंधारात चराच्या कडेने चालतो आम्ही चौदा जणी.
खुर्च्या करकरल्या. कुणीतरी घड्याळ पाहिलं.
अध्यक्षांनी विचारलं, जरा मोठ्याने सांगता का?
तिने सगळं पुन्हा सांगितलं.
मी ते दोन्ही वेळा लिहून घेतलं.

तिची मुलगी तेवढ्यात दाराशी बसली होती,
विटेच्या खळग्यात अंगठा घालून फिरवत.
हात नको लावू, भिंत ओली आहे,
असं म्हणायला मी गेले,
आणि तिच्या शेजारी उभी राहिले, किल्ली हातात घेऊन.
बाहेर धुकं उतरलं होतं.
कुलूप लावायला मला घाई नव्हती.